पुढचं चक्र

पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गावात एक गवळी राहत होता. चार म्हशी, शंभर सीसीची एक मोटारसायकल आणि बायको, एवढा त्याचा संसार. (क्रम मी लावलेला नाही. त्याच्या बोलण्यात तो असाच यायचा.)

पहाटे बायको धारा काढायची. गवळी गाडीला दोन्ही अंगांना कॅन अडकवून केर्ली, वडणगे फाटा, शिवाजी पूल करत उजाडायला कोल्हापुरात गंगावेशीला पोचायचा. समोर काढलेल्या धारेचं दूध उभ्याउभ्या प्यायची तिथल्या कट्ट्यावर रीत आहे. अशा वस्तीतल्या गिऱ्हाइकाला दुधातलं पाणी सांगावं लागत नाही. गवळी पाणी घालतही नसे. माणूस सचोटीचा होता.

गाडीच्या बाबतीतही आपण तितकेच चोख आहोत, असं त्याला वाटे. गाडीतून जरा आवाज आला की त्याला चैन पडत नसे. म्हैस हंबरली की पेंड आणि गाडी वाजली की गॅरेज, असा त्याचा सरळ हिशेब. जे गप्प आहे ते ठीक आहे, असं तो धरून चालायचा. बहुतेक माणसं असंच धरून चालतात, तेव्हा त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गाडी नवी आली तेव्हा डाव्या अंगाला साडीगार्डची जाळी होती. आपल्याकडं बायका मागे एका बाजूला पाय सोडून बसतात. त्यांचं लुगडं चाकात जाऊ नये, म्हणून मागचं निदान निम्मं चाक झाकणारी जाळी असावी, असं मोटार वाहन नियमांतच लिहिलं आहे. पण त्या जाळीमुळं डावीकडचा कॅन नीट बसेना. गवळ्यानं पहिल्याच आठवड्यात ती काढून परड्यात नेऊन रोवली. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला, आणि चांगला चढला.

तीन वर्षं गाडी सुरळीत चालली. मग एका हिवाळ्यात चेन वाजायला लागली.

कारखान्यांचं गाळप सुरू झालं की त्या भागातल्या रस्त्यांवर ट्रॉल्यांतून पडलेला ऊस, पाचट आणि टायरांबरोबर शेतातून आलेली माती यांचा राडा असतो. ती माती चेनमध्ये जाते. गवळी चेनला जळकं ऑइल लावायचा, कारण ते फुकट मिळतं. आता त्या ऑइलात इंजिनातली घाण आधीच असते, आणि वर चिकटून बसलेली माती पिनांमध्ये शिरून त्यांना रात्रंदिवस घासत राहते. खरं तर चेन चिंधीनं पुसून तिला नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावायचं, एवढंच काम. पण फुकटाच्या तेलाचा मोह मोठमोठ्यांना सुटत नाही.

गतिरोधक आला की चेन कव्हरवर आपटायची. खडाक्! गवळ्यानं गावातल्या गॅरेजात ती ताणून घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा खडाक्. पुन्हा ताणली. तिसऱ्या खेपेला गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "आपटतंय कव्हरवर. कव्हरच काढू या की." कव्हर काढलं. आवाज गेला! गवळी खूश. कव्हर गोठ्याच्या माळ्यावर गेलं.

शिमग्याच्या सुमाराला मात्र चेन ओढ धरीना. भरल्या कॅनांनिशी चढ आला की मधेच सटकायची. दुकानदार म्हणाला, पूर्ण किट घ्या, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं. गवळ्यानं विचारलं, वाजतंय काय? चेन. मग चेनच द्या. नवी चेन चढली. गाडी लोण्यासारखी पळाली, आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत नवी चेनसुद्धा वाजायला लागली.

आता मात्र त्याला राग आला. दूध घालून झाल्यावर तो रिकामे कॅन घेऊन थेट उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेला. चेन बनवणाऱ्यांपासून विकणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. मिस्त्री ऐकत होता आणि ऐकता ऐकता डावीकडच्या झाकणाचे बोल्ट सोडत होता. झाकण निघालं. आत माती आणि ग्रीस यांचा बोटभर थर. मिस्त्रीनं रॉकेलचा ब्रश मारला आणि म्हणाला, "अण्णा, जरा हिकडं वाका. बघा."

पुढचं छोटं चक्र. त्याचे दाते सरळ उभे असायला हवेत. हे सगळे एकाच बाजूला म्हशीच्या शिंगांसारखे वळले होते, आणि टोकाला इतके बारीक झाले होते की बोट लावायला नको वाटावं.

"चेन ताणती, असं आपण म्हणतो," मिस्त्री म्हणाला. "लोखंड कुठलं ताणतंय? आतल्या पिना झिजत्यात. दोन पिनांत बारा पूर्णांक सात मिलिमीटर अंतर पाहिजे, ते केसाकेसानं वाढतंय. मग चेन दात्याच्या बुडात न बसता टोकाकडं चढती, आणि दाता असा खाल्ला जातो. तुम्ही नवी चेन आणून ह्या दात्यांवर घातली. तिला नीट बसाय जागाच नव्हती. ह्यानं तिला तीन महिन्यांत म्हातारी केली."

"पण ह्याचा आवाज कधी आला नाही," गवळी म्हणाला.

"येत न्हाईच. मागचं चक्र एकदा फिरतंय तवर हे तीनदा फिरतंय. सगळ्यात जास्त राबणारं हेच. पण झाकणाच्या आत असतंय आणि वाजत न्हाई. वाजती चेन. मग आपण चेनला तेल घालतो, चेन ताणतो, चेन बदलतो. अण्णा, वाजतंय त्याची दखल सगळंच घेत्यात. न वाजता झिजतंय ते उघडून बघायला लागतंय."

गवळ्यानं मान हलवली. पटलं. माणसाला गाडीबद्दलची गोष्ट चटकन पटते, कारण तिथं आपला काही अपमान नसतो.

हाताखालच्या पोरानं तोवर मागचं चाक बाहेर काढलं होतं. मागच्या स्प्रॉकेटचे दातेही गेलेलेच होते. पोरगं पान्यानं घाण खरवडत होतं, ते एकदम थांबलं. स्प्रॉकेटच्या मागच्या खाचेत काहीतरी पक्कं गुंडाळलं होतं. त्यानं पक्कडीत धरून ओढलं. काळा, ग्रीसमध्ये भिजलेला दोरा निघायला लागला, आणि निघतच राहिला. शेवटी वितभर चिंधी आली. रॉकेलात बुडवल्यावर तिचा रंग दिसला. हिरवा, आणि कडेला पिवळा काठ.

"कुणाचा तरी पदर हाय हा," मिस्त्री म्हणाला. मग त्यानं गाडीची डावी बाजू नव्यानं बघावी तशी बघितली. चेन उघडी, चाक उघडं. "कव्हर कुठं हाय? जाळी कुठं हाय?"

गवळी काही बोलला नाही. हिरवं लुगडं त्यानं ओळखलं होतं.

गाडी तिथंच ठेवून तो एसटीनं घरी आला. बायको म्हशींना पाणी दाखवत होती. त्यानं चिंधी पुढं धरली.

"हे कवा झालं?"

तिनं बघितलं. "चैतात. जोतिबाला गेलो न्हवं का, तवा. केर्लीच्या पुढं चढाला पदराला हिसका बसला. मी हातानं धरून ओढला. फाटला, सुटला."

"आणि मला बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हनला असता, गाडीवर नीट बसाय येत न्हाई तुला." तिनं बादली उचलली. "तवापास्नं मी पदर कंबरंला घट्ट आवळूनच बसतोय."

त्या वेळी पदर फाटला नसता तर काय झालं असतं, हे कुणी बोललं नाही. गाडी चढाला होती म्हणून वेग कमी होता, एवढंच. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन बाई मागच्या मागे रस्त्यावर पडते, डोकं आपटतं आणि पुढच्याला काही फर्लांग गेल्यावर कळतं, असे अपघात आपल्याकडं नवीन नाहीत. आणि डोक्याचं म्हणाल तर हेल्मेट गवळ्याकडं एक होतं. ते आरशाला टांगलेलं असायचं आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढायचं. पट्टा लावायची पद्धत नव्हती. बायकोचं हेल्मेट हा विषयच कधी निघाला नव्हता. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाचं डोकं धरतो, पुढचं आणि मागचं असा भेद करत नाही. भेद घरी होतो.

गवळी परड्यात गेला. दोडक्याच्या वेलाखालून जाळी उपसायला लागला. बायको मागून ओरडत आली, "अवो, वेल तोडताय की! चांगला फुलावर आलाय!" पण जाळी निघाली, माळ्यावरचं कव्हरही निघालं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं कोल्हापूरला गेले.

आधी हेल्मेटाचं दुकान. दुकानदारानं तिच्यापुढं एक हलकं, गुलाबी, स्वस्तातलं ठेवलं. बायकांना हेच चालतं, म्हणाला. गवळ्यानं ते उलटं करून आत बघितलं. दुधाची पारख करणाऱ्या नजरेला बनावट कळायला वेळ लागला नाही. टोपीसारखं पातळ, आत नावाला थर्माकोल. त्यानं आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हा आकडा असलेलं मागितलं. अंबाड्यावर ते बसेना. तिनं तिथंच अंबाडा सोडून खाली वेणी घातली, हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली ओढला आणि डोकं दोन्हीकडं जोरात हलवून बघितलं. हललं नाही. "हेच द्या," ती म्हणाली. त्यानं स्वतःसाठीही दुसरं घेतलं.

उद्यमनगरात गाडी तयार होती. पुरं किट बसलं होतं, चेनला दोन-अडीच सेंटिमीटरचा खेळ सोडला होता, वर कव्हर चढलं. अडचण जाळीची होती. जाळी लावली की कॅन बसत नाही, ही मूळची तक्रार. मिस्त्री म्हणाला, शेजारी वेल्डिंगवाला आहे, कॅनची चौकट जाळीच्या बाहेरून करून देईल, दूध घालून आलं की चार बोल्ट सोडून काढून ठेवायची. खर्च गवळ्यानं विचारला नाही.

वेल्डिंगवाला टेप घेऊन आला. त्यानं सवयीनं गवळ्याकडं बघून विचारलं, पायपट्टी कुठं घेऊ?

"बसनाऱ्याला इचारा," गवळी म्हणाला.

बायको गाडीवर मागे बसून बघत होती. "ही लई वर हाय," ती म्हणाली. "गुडघा दुमडून दुखतोय माझा. चार बोटं खाली घ्या."

"चार बोटं म्हणजे किती, मावशी?"

"ही बघा." तिनं हात लावून दाखवला. वेल्डिंगवाल्यानं खडूनं रेघ मारली. "आणि हाताला धराय कायच न्हाई. ह्यांच्या सदऱ्याला धरायचं काय? हितं एक कडी पाहिजे. आणि ही सीट मधे खचल्या, घसरतोय मी. आणि..."

गवळी चहा सांगायला उठला.