ओट्याच्या कोपऱ्यातला माठ

आमच्या घरी फ्रीज आहे, त्यात गार पाण्याच्या बाटल्याही आहेत. तरी उन्हातून आलं की हात जातो तो माठाकडेच. फ्रीजचं पाणी दातांना झोंबतं. माठाचं घशाखाली उतरताना जाणवतं, पण टोचत नाही.

यात जादू नाही. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून हवा कोरडी हवी. नागपूरच्या मे महिन्यात माठ जसा गारठतो, तसा मुंबईच्या दमट हवेत नाही. मुंबईकरांनी रागावू नये!

नवा माठ आई रात्रभर भिजत ठेवायची, पहिलं पाणी झाडांना घालायची. मग आत वाळ्याची जुडी, कधी मोगऱ्याची चार फुलं. दोन-तीन उन्हाळ्यांत छिद्रं क्षारांनी बुजतात आणि माठ रुसतो. मग त्यात तुळस लागते, नाहीतर कढीपत्ता.

आमचा यंदाचा अजून आणायचाय. आज संध्याकाळी कुंभाराकडे जायचं, टिचकी मारून बघायचं आणि खणखणीत वाजेल तो उचलायचा.