पुण्याई आणि ऋण : कझानच्या एका कथनाविषयी

वंशजांच्या भरभराटीचे श्रेय पूर्वजांच्या ‘पुण्याई’ला देण्याचा आपल्या भाषेचा रिवाज आहे. परंतु ज्या कृत्यांच्या बळावर कुटुंब परदेशी स्थिरावले त्यांत अपकृत्येही असतील, तर त्यांची फळे उपभोगणाऱ्याचे दायित्व कोणते? एलिया कझानची ‘अमेरिका अमेरिका’ ही कादंबरी (१९६२) आणि तिच्यावरचा त्याचाच चित्रपट (१९६३) यांतून हा प्रश्न उभा राहतो.

कझानचा जन्म १९०९ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका ग्रीक कुटुंबात झाला. १९१३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आले. त्यापूर्वी तेथे गेलेल्या चुलत्याच्या प्रवासावर त्याने स्टाव्ह्रोस या अनातोलियातील तरुणाची कथा बेतली. वडिलांनी सोपवलेली सारी पुंजी लुबाडणाऱ्या अब्दुलचा स्टाव्ह्रोस जीव घेतो. प्रवासखर्चासाठी हुंड्यावर डोळा ठेवून तो थॉम्नाशी विवाह ठरवतो आणि तिला सोडून जातो. अखेर क्षयग्रस्त आर्मेनियन मित्र होहान्नेस समुद्रात उडी घेतो व स्टाव्ह्रोस त्याच्या नावावर अमेरिकेत उतरतो. पुढे, वडील वगळता, तो साऱ्या कुटुंबाला तेथे आणतो.

अपराध वारशाने येत नाही, हे मान्यच केले पाहिजे. लाभ मात्र वारशाने येतो. आणि लाभ स्वीकारून हिशेब मिटला असे म्हणणे ही प्रतारणा होय. येथे तर कुटुंबाचा नव्या भूमीवरील पहिला आधार म्हणजे एका मृताचे नाव आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. १९५२ मध्ये संसदीय चौकशी समितीपुढे कझानने आपल्या जुन्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगितली. कथेतील चुलता मृताचे नाव घेतो. पुतण्याने जिवंतांची नावे दिली. मग हे कथन ऋणाची कबुली मानावयाचे, की स्वतःचे समर्थन?

याचा निर्णय लेखकाच्या चरित्रावर सोपविता येणार नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कथनात स्वतंत्र अस्तित्व लाभते काय, हीच येथे कसोटी ठरते. थॉम्ना ही नायकाच्या वाटेवरील केवळ एक पायरी राहत नाही; तिचे दुःख तिचे स्वतःचे आहे. अब्दुल मात्र खलपात्रापलीकडे जात नाही. म्हणजे हा हिशेब प्रामाणिक असला तरी अपुरा आहे. वंशजाला ऋण फेडता येत नाही. परंतु धनकोंची यादी पूर्ण करणे त्याच्या हाती असते. तेवढे केल्यावाचून ‘पुण्याई’ हा शब्द त्याने उच्चारू नये.