कडी वाजवणारे

आमच्या घरी चोराने यावे असे काही नाही, हे तिरोड्यातल्या चोरांनाही ठाऊक असावे. इतक्या वर्षांत एकही फिरकला नाही. पण पुण्याला बसून आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करता यावा म्हणून मुलाने त्यात बाहेरून यायची एक वाट उघडली, आणि रीघ लागली. कोण आले, कोण परत गेले, याची वही कॉम्प्युटर आपला आपणच लिहितो. ती उघडली तर एका रात्रीत ४१२ वेळा कडी वाजलेली! कोणी ‘अ‍ॅडमिन’ म्हणून, कोणी ‘रूट’ म्हणून, कोणी ‘टेस्ट’ म्हणून. आमच्या सात पिढ्यांत या नावाचे कोणी नाही.

मी संतापलो. शेजारचे भाऊ म्हणाले, “एवढं काय हाय जी तुमच्या त्या डब्यात?”

काय होते? धानाचा हिशेब, नातीचे फोटो आणि एका अपुऱ्या लेखाच्या सात प्रती. चोराला माझ्याविषयी आकस नव्हता, लोभही नव्हता. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटी. यंत्रे ते एकामागून एक चाचपत असतात. त्यात एक मी. अपमान म्हणतात तो हाच.

मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, कडी वाजवणारा कॉम्प्युटरही बऱ्याचदा तुमच्यासारख्याच कोणाचा तरी असतो. मालकाला पत्ताच नसतो.” २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने घराघरांतले कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड त्याला पुरले, कारण लोकांनी ते बदललेच नव्हते. त्या कॅमेऱ्यांनी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. मालक साव, आणि कॅमेरे दरोडेखोर!

आता राग कोणावर काढायचा? माझा पासवर्ड नातीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता. कुलूप आपल्या मालासाठी असते, अशी माझी समजूत. ज्याच्याकडे काही नाही त्याने दार सताड टाकावे. दिसायलाही जरा साधुत्वाचे दिसते. पण आत शिरलेला माझ्याकडे थांबणारच नव्हता. माझाच सदरा अंगात घालून तो दुसऱ्याच्या कडीला हात घालणार होता. तेव्हा ‘माझ्याकडे न्यायला आहे काय?’ हे वैराग्य नव्हे, आळस आहे. कुलूप शेजाऱ्यासाठी लावायचे असते.

ती वाट बंद केली. पासवर्डही लांबलचक केला. परवा तो मीच तीनदा चुकलो. वहीत आता कडी वाजवणारा म्हणून माझीच नोंद आहे.