जामिनाने भरलं आहे

वचन: १ योहान ५:१३, इब्री ७:२२



"तुझं तारण झालंय का?" असं युवक सभेत विचारलं की बहुतेकांचं उत्तर येतं, "होईल, अशी आशा आहे." सकाळी प्रार्थना छान झाली तर आशा जास्त, रात्री घरात भांडण झालं की कमी! योहान मात्र विश्वासणाऱ्यांना लिहितो ते त्यांना 'कळावं' म्हणून. सार्वकालिक जीवन मिळालेलं आहे, हे आजच कळावं.

इब्री लोकांस पत्रात येशूला जामीन म्हटलंय. आम्हा भिवंडीकरांना हा शब्द समजवायला नको. इथं सूत उधारीवर मिळतं ते कोणाच्या तरी शब्दावर. धंदा बसला, देणेकऱ्याने हात वर केले, की व्यापारी जामिनाचं दार वाजवतो. जामिनाने सगळं चुकतं केलं की वहीतलं खातं बंद. त्यानंतरही देणेकरी दुकान टाळून मागच्या गल्लीने जात असेल, तर पैसे बाकी आहेत म्हणून नाही. त्याने वही पाहिलेलीच नाही.

एका जागी हे उदाहरण तोकडं पडतं. कॉलेजातले मित्र विचारतात, निर्दोषाला शिक्षा, हा कसला न्याय? देवाने तिसऱ्याच कुणाला पकडून पुढे केलं असतं तर प्रश्न बरोबर होता. पण २ करिंथ ५:१९ नीट वाचा. ख्रिस्तामध्ये देव स्वतःच समेट करत होता. ज्याचं येणं होतं, त्यानेच वधस्तंभावर ते भरलं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. आणि बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाळकाचं आत्मवृत्त वाचताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. त्यांनी स्वतःच साक्षीत हे सांगितलंय. एवढी विद्वत्ता, एवढी सेवा, आणि खात्री नाही! मला तर हे वाचून धीरच येतो. खात्रीसाठी त्यांनी आणखी एक संस्था काढली नाही. रिकाम्या हाताने ख्रिस्ताकडे आल्या. केडगावचं मुक्ती मिशन, बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं.

तेव्हा आज पाप झालं असेल तर कबूल करा, १ योहान १:९ आहेच. पण उपास धरून, सभांना हजेऱ्या लावून ते फेडायला बसू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, आज मनाला काहीच जाणवत नाहीये. तरी तुझ्याच नावावर बापाकडे येतो. आमेन.