फोन कुणाच्या हातात?

बंगळूरला घर केल्यापासून कोल्हापूर-साताऱ्याकडची ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची माणसं आमच्याकडे उतरतात. कुणी दवाखान्यासाठी, कुणी मुलाच्या नोकरीसाठी, तर कुणी पोराच्या कसम परेडसाठी, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथेच्या संचलनासाठी. या शहरात लष्कराची प्रशिक्षण केंद्रं थोडीथोडकी नाहीत. उल्सूर तलावाजवळ मद्रास सॅपर्स, शिवाय आर्मी सर्व्हिस कोअर, मिलिटरी पोलीस, पायोनियर आणि १९९२मध्ये आग्र्याहून इथं आलेलं पॅराशूट रेजिमेंटचं केंद्र.

अशाच एका परेडच्या आदल्या रात्री आमच्याकडे जेवायला बसलेल्या एका आईला मी सहज विचारलं, "रविवारी फोन यायचा ना पोराचा?"

"यायचा की. ह्यांच्याशी बोलायचा."

"आणि तुमच्याशी?"

"माझ्या हातात फोन येईस्तोवर त्याची वेळ व्हायची. 'आई, ठेवू का?' एवढंच."

पोरगा अग्निवीर. त्यांचं प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं. म्हणजे सात महिने या बाईच्या वाट्याला तेवढंच एक वाक्य आलं.

भरती झालेल्या पोराचा मोबाइल केंद्रात जमा होतो आणि बहुधा रविवारी ठरल्या वेळेपुरता हातात मिळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहाटे फॉलिनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, उठायचं तर रात्री रील्स बघून कसं चालेल? शिवाय प्रश्न सुरक्षेचाही आहे. जुलै २०२०मध्ये लष्करानं आपल्या जवानांना ८९ अॅप्स काढून टाकायला लावली, ती उगाच नव्हे. माझं भांडण घराशी आहे. ती मोजकी मिनिटं आपण कशी उधळतो, त्याच्याशी आहे.

वडील पहिल्यांदा पगाराचं विचारतात. पहिल्या वर्षी अग्निवीराला महिना ३० हजार, त्यातले ९ हजार निधीत, हातात २१ हजार. ते खात्यावर पडायच्या आधीच ट्रॅक्टरचा हप्ता आणि बहिणीचं लग्न त्यावर हक्क सांगून बसलेलं असतं. मग फोन चुलत्याकडे जातो. "गावाचं नाव राख. माघारी यायचं नाही बघ!" चौकात अभिनंदनाचा फलक लागलेला असतो, त्यावर चुलत्याचाही फोटो असतो.

इकडे पोराची नडगी पंधरा दिवस दुखत असते. एकाएकी वाढलेली धावपळ, ड्रिल, जड बूट यांनी हाडाला बारीक चीर जाते. जगभरच्या सैन्यांत नव्या भरतीला होणारी ही नेहमीची दुखापत. वेळेवर सांगितलं तर विश्रांतीनं भरून येते. दडपली आणि त्याच पायानं पळत राहिलं, तर चिरेचं मोडलेलं हाड होतं. पोरगा उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, सांगत नाही, कारण मागच्या बॅचला टाकतील ही भीती. घरी सांगत नाही, कारण घरानं फलक लावलाय. चुलत्याला वाटतं आपण धीर दिला. प्रत्यक्षात त्यानं एका दुखऱ्या पायाचं तोंड बंद केलेलं असतं.

लपवाछपवी घरूनही होते. आजी गेली तरी "त्याचं चित्त उडेल" म्हणून कळवायचं नाही. सुट्टीला आल्यावर रिकामी खाट बघून त्याला कळतं. त्यानंतर घरचं "सगळं ठीक आहे" तो कधी खरं मानेल का?

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकारी सेन्सॉर उघडून वाचत असे. लिहिता न येणारे दुसऱ्याकडून लिहून घेत. म्हणजे मनातलं दोन परक्यांच्या नजरेखालून जायचं. तरी त्यांनी वाट काढली. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे, अशा खुणेच्या भाषेत ते रणांगणाची खरी हकिकत घरी पोचवत. आज रविवारच्या फोनवर घरचेच सेन्सॉर होऊन बसलेत, आणि पोराला खुणेचीही भाषा उरलेली नाही.

मुलींचं काय होतं तेही बघा. ८ मे २०२१ रोजी इथल्याच मिलिटरी पोलीस केंद्रातून महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. ८३ जणी, ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण, तेही जवळजवळ सगळं कोविडच्या काळात. परेडसुद्धा साधेपणानं उरकावी लागली. आपल्या घरची मुलगी अशी गेली, तर तिला आपण विचारतो, "दुखतंय का? नाही जमलं तर ये परत." मुलाला सांगतो, "परत येऊ नकोस." मला दोन्ही वाक्यं अपमानाची वाटतात. एकीची ताकद आपण मानत नाही, दुसऱ्याची वेदना मानत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले. असा वारसा सांगणाऱ्या मुलखात आईला आपण वीरमाता म्हणून व्यासपीठावर शाल देतो, आणि घरात फोन देत नाही. तो आधी तिच्या हातात द्या. पगाराचा हिशेब मेसेजवर होऊ शकतो. "मजेत ना?" असं विचारलं की "मजेत" एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारा, पाय कसा आहे, झोप लागते का, उस्तादांना सांगितलंस का. आणि अधूनमधून पत्र टाका. बराकीत दिवा मालवायच्या आधी ते पुन्हा काढून वाचता येतं. गावोगावच्या भरती अकादम्या पोरांना १६०० मीटर पळायला शिकवतात. त्यांनी आणि गावच्या माजी सैनिकांनी एक दिवस आईबापांनाही समोर बसवून हे सांगावं.

त्या परेडला मीही गेलो होतो. कवायत झाली, शपथ झाली, पालकांना देतात ते पदक वडिलांच्या छातीवर लागलं. ते फोटोवाल्याला हाका मारू लागले. आई मात्र पोराच्या तोंडाकडेही न बघता त्याच्या चकचकीत बुटांकडे बघत उभी होती.

"काढ जरा," ती म्हणाली. "डावा का उजवा?"