पाठमोरा न्याय

परीक्षक व्हायला माणसाला काय लागतं? ज्ञान लागतं, असं परीक्षक सांगतात. वशिला लागतो, असं हरलेले सांगतात. माझा अनुभव निराळा आहे. परीक्षक व्हायला गुडघे लागतात, आणि माझ्याकडे नेमके तेच नाहीत.

आता गायनाच्या स्पर्धेला मला परीक्षक नेमावं, इतका शिरूर अनंतपाळात संगीताचा दुष्काळ आहे का, असं कोणी विचारील. तसं मुळीच नाही. आमच्याकडे भजनी मंडळं आहेत, दिंड्या आहेत, लग्नसराईत बँड आहे. पण सगळे गाणारे; रिकामा बसून ऐकणारा कोणी नाही. शिवाय माझ्याजवळ एक पदवी आहे. तरुणपणी मी एका आकाशवाणी केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेलो होतो आणि नापास होऊन परत आलो होतो. आपल्याकडे एखाद्या विषयात नापास झालेला माणूसही त्या विषयातला जाणकार ठरतो, कारण तो निदान परीक्षेपर्यंत तरी पोचलेला असतो.

त्या चाचणीतली एक गोष्ट मला फार आवडली होती. (निकाल कळेपर्यंत.) ऐकणारे मला दिसत नव्हते आणि मी त्यांना दिसत नव्हतो. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. बाळकृष्ण केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीनं भल्याभल्या गवयांना नव्यानं चाचणीला बसवलं. श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे पंडित परीक्षक होते, तरी गवई मंडळी खवळली. साहजिक आहे. घराणं, गुरू, मानमरातब सगळं दाराबाहेर ठेवून नुसता आवाज आत न्यायचा, हे कोणालाही जडच जाणार. मला गेलं नाही, कारण दाराबाहेर ठेवायला माझ्याजवळ चपलांशिवाय काही नव्हतं.

गाणं ऐकावं, माणूस पाहू नये, हे माझं तेव्हापासूनचं तत्त्व. ते बरेच दिवस टिकलं. म्हणजे २००९ सालापर्यंत.

त्या सुमाराला झी मराठीवर ‘सा रे ग म प’चं ‘लिटिल चॅम्प्स’ चालू होतं. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. शेवटी पाच मुलं उरली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे आणि आमच्या लातूरचा रोहित राऊत. हा ‘आमच्या’ बघा कसा आपोआप उमटला! एरवी जिल्ह्याच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालताना लातूरइतकं परकं गाव आम्हाला दुसरं वाटत नाही. पण त्या थंडीत लातूर आमचं झालं. भारनियमनाचे दिवस होते. ऐन गाण्याला वीज जायची, मग बॅटरीवर टीव्ही चालणाऱ्या एकुलत्या एका दुकानासमोर निम्मी गल्ली उभी. आणि गाणं झालं की मोबाइलवरून मतं पाठवायची. साध्या मेसेजपेक्षा त्याला पैसे जास्त पडत, पण जिल्ह्याच्या अब्रूपुढे पैसा काय!

खरं सांगतो, माझं मत कार्तिकीला होतं. त्या एवढ्याशा पोरीनं आवाज लावला की माझ्या अंगावर काटा यायचा. हे झालं मनातलं मत. मोबाइलमधलं मात्र रोहितला गेलं. एक नव्हे, सात.

जिंकली कार्तिकी. मला मनातून हायसं वाटलं आणि मी चौकात जाऊन हळहळलो. लातूरच्या पोरावर अन्याय झाला, असं त्या रात्री चौकात सगळ्यांत मोठ्यांदा कोण म्हणालं, ते मी सांगत नाही. रोहितचं अर्थात काही अडलं नाही. २०२० साली तो ‘इंडियन आयडॉल’चा उपविजेता झाला, आणि २०२१ साली तर ही पाचही मुलं त्याच ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये परीक्षकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. अडून बसलो तो मीच. आपल्या माणसाला झुकतं माप देणं हे पाप का? पंगतीत वाढणारी बाई स्वतःच्या लेकराच्या पानात तुपाची धार क्षणभर जास्त धरते, तिला आपण पापी म्हणत नाही. उलट तिनं धार धरली नाही, तर ‘सावत्र आहे वाटतं’ म्हणतो. पण मग शेजारच्या पानावर बसलेल्या पोरानं काय करायचं? त्याची आई त्या पंगतीत वाढायला नसते, एवढाच त्याचा गुन्हा. तुपाचं भांडं तेवढंच असतं, हे आपण धार धरताना विसरतो.

या विचारानं मी बरेच दिवस पोळलो होतो. म्हणून २०१५ साली हिंदीत ‘द व्हॉइस इंडिया’ सुरू झालं, तेव्हा मला उतारा सापडल्यासारखा वाटला. मूळ कल्पना हॉलंडची, २०१० सालची. चार नामवंत पाठमोरे बसतात: आपल्याकडे सुनिधी चौहान, शान, मिका सिंग आणि हिमेश रेशमिया होते. गाणारा त्यांच्या पाठीमागे उभा राहून गातो. आवाज पटला की बटण दाबायचं, खुर्ची गर्रकन फिरते. त्याचा अर्थ, तू माझा शिष्य. दोन खुर्च्या फिरल्या तर गुरू कोणता करायचा ते शिष्यानं ठरवायचं, आणि मग गुरू लोक ‘माझ्याकडे ये, माझ्याकडे ये’ म्हणून आर्जवं करतात. एस. टी. स्टँडवर वडापवाले करतात तशी. भीमसेन जोशी १९३३ साली अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. ग्वाल्हेर झालं, जालंधर झालं, आणि शेवटी घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात पाणी भरलं. इथे गुरूच शिष्याच्या पाया पडायचा बाकी! मला ते आवडलं नाही. पण पाठ फिरवून बसणं आवडलं. न्यायदेवता डोळ्यांवर पट्टी बांधते, ही तिच्यापुढे गेलेली युक्ती.

पुढल्या वर्षी, म्हणजे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी, गणपतीत मंडळाची पोरं माझ्याकडे आली.

“सर, औंदा टीव्हीवानी स्पर्धा. तुम्ही परीक्षक. उलटं तोंड करून बसायचं हाय.”

“वर्गणी जमली का?”

“कुठली वर्गणी सर! पाऊस आत्ता सुरू झालाय. पण खुर्च्या फुकट मिळूलालेत.”

फिरत्या खुर्च्या दोन मिळाल्या. एक केशकर्तनालयातून, दुसरी एका पतसंस्थेच्या साहेबांच्या केबिनमधून. तिसरी मंडपवाल्याची प्लॅस्टिकची, आणि ती ज्येष्ठतेच्या मानानं माझ्याकडे आली. डावीकडचे भजनी बुवा पाय जमिनीला टेकवून सुळकन फिरत. उजवीकडच्या बँडमास्तरांच्या खुर्चीला तर फिरल्यावर थांबणंच माहीत नव्हतं. ते गाणाऱ्याकडे एकदा बघून परत पाठमोरे होत. मला मात्र पसंती कळवायची तर दोन्ही हात टेकून उठायचं, खुर्ची उचलून फिरवायची आणि पुन्हा बसायचं. प्रत्येक पसंतीला एक ‘आई गं’. त्या रात्री माझी दाद किती मोलाची होती, हे फक्त माझ्या गुडघ्यांना ठाऊक.

तिसऱ्या नंबरला कोणीतरी माइकसमोर आलं आणि घसा खाकरलं. आणि मी ओळखलं. आमच्या घरमालकांचा नातू! भिंतीपलीकडून रोज पहाटे मी तोच खाकरा ऐकत होतो. म्हणजे पाठ फिरवून काय मिळवलं? डोळ्याला पट्टी बांधता येते. कानाला ओळख विसर म्हणून कसं सांगायचं? पोरगा पहिली ओळ गाऊन दुसरीवर आला नाही तोच मी उठून उभा! गाणं बरं होतं, अगदीच वाईट नव्हतं. पण मी गाण्यासाठी उठलो नव्हतो. मी भाडेकरू म्हणून उठलो होतो.

टाळ्या झाल्या. खुर्ची पुन्हा उलटी करून बसलो, गुडघे ठणकत होते. आणि पुढच्याच नंबरला एक मुलगी गायला लागली. आवाज ओळखीचा नव्हता. थोडा कापत होता, पट्टीही जरा वरची धरली होती. पण दुसऱ्या कडव्यात तिनं एका जागी असा स्वर लावला की मंडपातलं पोरांचं रडणं थांबलं. मी मनात म्हणालो, अरे! बुवा फिरले नाहीत. त्यांना पट्टी खटकली असावी. बँडमास्तर चहा पीत होते. मी हात खुर्चीवर टेकले. आणि मग मला सुचलं की, गाणं अजून पुरतं झालेलं नाही, घाई कशाला. मग सुचलं की, आवाजाला तयारी कमी आहे. मग सुचलं की, आत्ताच उठलो होतो, लागोपाठ उठलं तर परीक्षकाचं वजन राहत नाही. इतकी शास्त्रशुद्ध कारणं मला एरवी सुचत नाहीत. सुचेपर्यंत गाणं संपलं. नियमाप्रमाणे ती तीन पाठींना नमस्कार करून खाली उतरली. तो नमस्कार मला दिसला नाही. निवेदकानं माइकवरून सांगितला.

मी रोहितला सात मतं दिली, ती निदान प्रेमानं दिली. घरमालकांच्या नातवाला दिलं ते भीडेपोटी. पण या मुलीला नाकारताना माझ्या मनात कोणाविषयी काहीच नव्हतं. ती परकी होती आणि मी नुकताच टेकलो होतो, बस. अन्याय करायला द्वेष लागतो, असं मी वर्गात पोरांना शिकवत आलो होतो.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी एक गृहस्थ दारात आले. धोतर, हातात पिशवी. त्या मुलीचे वडील. मला वाटलं, भांडायला आले. मी चष्मा पुसत उत्तर जुळवायला लागलो: पट्टी, तयारी, श्वास.

“सर, पोरीनं पाठवलंय,” ते म्हणाले. “मनली, त्या सरांचे गुडघे लई दुखूलालेत. माझ्या टायमाला उठायलेच होते, पर उठता आलं नाही त्यांना. खुर्चीवर हात टेकलेला बघितला तिनं पाठीमागून.”

पिशवीतून त्यांनी बाटली काढली. घरी काढलेलं निर्गुडीचं तेल.

“खरंय ना सर?”

“हो,” मी म्हणालो. “फारच दुखत होते.”

बाटली अजून फडताळात आहे. अहो, लावून तर बघा, असं बायको थंडी पडली की म्हणते. आताशा बरे आहेत गुडघे, असं मी तिला सांगतो आणि भिंतीला धरून उठतो.