कंटाळवाण्या बैठकांचं मोल

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्री मुंबई पेटायला सुरुवात झाली. डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्यांत शहरात ९०० माणसं मेली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने हा आकडा नोंदवला आहे. त्यात ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. त्या दिवसांत पोलिसांना आणि राज्यकर्त्यांना भीती होती ती भिवंडीची. कशेळीचा पूल ओलांडला की सुरू होणारं हे यंत्रमागांचं गाव १९७० च्या मेमध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर जळलं होतं. १९८४ च्या मेमध्ये पुन्हा जळलं, आणि त्या आगीची झळ ठाणे-मुंबईपर्यंत पोचली. आता तर मुंबईच पेटलेली. भिवंडी शांत राहील यावर कोण विश्वास ठेवणार?

भिवंडी शांत राहिली.

झालेल्या दंगलीवर आयोग बसतात, अहवालांचे खंड निघतात, नुकसानभरपाईच्या याद्या होतात. न झालेल्या दंगलीवर आयोग बसत नाही. त्यामुळे १९९२-९३ ची मुंबई आपल्याला गल्लीनिशी आठवते आणि त्याच काळातली भिवंडी फारशी कुणाला आठवत नाही. वास्तविक दोन समाजांनी एकाच गावात नांदायचं कसं, हा प्रश्न ज्याला खरोखर पडला आहे, त्याने आधी भिवंडीकडे जायला हवं.

या शांततेचं सोपं स्पष्टीकरण असं दिलं जातं की पोटापाण्याचा व्यवहार माणसांना शहाणं करतो. भिवंडीइतका एकमेकांत गुंतलेला व्यवहार दाखवायला दुसरं गाव शोधावं लागेल. सुताचा व्यापारी बहुधा मारवाडी किंवा गुजराती. मागाचा मालक अनेकदा मोमीन अन्सारी. त्याचे पूर्वज उत्तर प्रदेशातून हातमागाची कला घेऊन आलेले. मागावर उभा राहणारा कामगार उत्तर प्रदेश-बिहारकडचा, हिंदूही आणि मुसलमानही. पद्मानगरात तेलुगू पद्मशाली विणकर. गावात जुने कोकणी मुसलमान, भोवतालच्या खेड्यांत आगरी आणि कोळी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि कापडाचं काम आणखी जोमाने भिवंडीकडे सरकलं. माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी खटखटत असतो. तो एक दिवस थांबला तरी व्यापाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या पोटाला चिमटा बसतो.

पण ही सगळी साखळी १९७० मध्येही होती आणि १९८४ मध्येही. सुताचं बिल आणि कापडाची ताग्यावर मोजणी दोन्ही समाजांना एका टेबलाशी आणत होती, तरीही १९८४ मध्ये अन्सारी बागेत आसऱ्याला आलेली माणसं जाळली गेली. धंद्याची ओळख धंद्यापुरती असते. दुकानात हसून बोलणारं गिऱ्हाईक रात्री दोन वाजता गल्लीत जमाव शिरल्यावर दार उघडेलच, याची हमी कुठल्याच बिलावर लिहिलेली नसते. ‘आर्थिक हितसंबंधांमुळे सलोखा टिकतो’ हे वाक्य आपल्याकडच्या परिसंवादांत फार बिनधास्त फेकलं जातं. भिवंडीने त्याला दोनदा खोटं पाडलं आहे.

मग १९८४ आणि १९९२ च्या मधे बदललं काय? १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या, सुमारे ७०. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान सारख्याच संख्येने, गल्लीतलीच माणसं, गुन्हेगारी नोंद असलेल्यांना मज्जाव. कमिटीची जबाबदारी त्या भागाच्या पोलिसावर. बैठक सणापुरती नाही, वर्षभर. पुढे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या आपल्या पुस्तकात खोपड्यांनी या प्रयोगाची कहाणी लिहिली.

या बैठकांत बोललं काय जायचं, हे फार महत्त्वाचं. राष्ट्रीय एकात्मता, गंगाजमनी तहजीब असले विषय तिथे चालणारे नव्हते. गल्ली त्यावर बोलत नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या दारात साठतं, भाडेकरू खोली सोडत नाही, नवरा दारू पिऊन मारतो, पोरं क्रिकेट खेळताना काचा फोडतात, ही गल्लीची खरी भांडणं. बाहेरून पाहणाऱ्याला ती क्षुल्लक वाटतात. ज्याने दंगलीचे पंचनामे वाचलेत त्याला ती तशी वाटत नाहीत. तुंबलेल्या गटारीवरून दोन घरांत जुंपते. एक घर हिंदूचं, दुसरं मुसलमानाचं निघतं. संध्याकाळपर्यंत गटार बाजूला राहते आणि ‘त्यांनी आपल्या बाईला हात लावला’ अशी बातमी चार गल्ल्या ओलांडून जाते. कमिटीने ही गटार गटारच राहू दिली. शेजारचे दोन हिंदू आणि दोन मुसलमान, बाजूला हवालदार, आणि चर्चा फक्त नाल्याच्या उताराची. इतकं रटाळ काम करायला राजकीय पुढारी सहसा तयार नसतो, कारण त्यात भाषणाला जागा नाही.

यात आणखी एक गोष्ट आपोआप घडते. दर थोड्या दिवसांनी एका चटईवर बसणाऱ्या माणसाचं नाव, घर, दुकान, आवाज ओळखीचा होतो. मशिदीत डुकराचं मांस टाकलं, मूर्तीची विटंबना झाली, अशी आवई उठते तेव्हा शहानिशा करायला माणूस लागतो, आणि तोही पलीकडच्या समाजातला. असा माणूस आधीच ओळखीचा असला तर दहा मिनिटांत खरंखोटं होतं. तो नसला तर पहिली बातमी हीच शेवटची. आज अफवा मोबाइलवरून सेकंदात गावभर होते. ती खोडणारा शेजारी मात्र पूर्वीइतकाच सावकाश, वर्षानुवर्षांच्या उठबशीतून तयार होतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात मांडलं होतं की परक्या समाजाच्या माणसांशी नुसती भेटगाठ झाल्याने मनातली अढी जात नाही. भेटणारे बरोबरीच्या नात्याने भेटले पाहिजेत, त्यांना मिळून काही काम करायचं असलं पाहिजे, ते काम एकमेकांशिवाय होणारं नसलं पाहिजे आणि वरच्या अधिकाऱ्याचा त्याला पाठिंबा असला पाहिजे. भिवंडीच्या कमिटीत हे चारही होतं. मालक आणि मजूर यांच्या भेटीत पहिलीच अट मोडते, आणि मागाच्या व्यवहाराने सलोखा का आणला नाही याचं उत्तरही तिथेच मिळतं.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हाच मुद्दा देशभराच्या पातळीवर तपासला. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची वर्तमानपत्री नोंद गोळा करून त्यांनी २००२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातली दोन निरीक्षणं डोळे उघडणारी आहेत. या दंगलींतल्या मृत्यूंपैकी खेड्यांतले ४ टक्क्यांहून कमी, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे केवळ ८ शहरांतले. म्हणजे ‘हिंदू आणि मुसलमान हजार वर्षांचे वैरी’ हा सिद्धान्त आकड्यांपुढे टिकत नाही. वैर सार्वत्रिक असतं तर मेलेली माणसंही सगळीकडे सारखी विखुरलेली असती. मग फरक कुठे पडतो? वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत यांची जोडी लावून पाहिली. दोन्हीकडे मुस्लिमांचं प्रमाण मोठं. एक शहर पुन्हापुन्हा पेटणारं, दुसरं शांत. कालिकतमध्ये व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, मंडळं अशा संस्थांत दोन्ही समाज एकत्र होते. अलीगढमध्ये संस्था होत्या, पण ज्याच्या त्याच्या. शेजाऱ्याला शिरखुर्मा आणि फराळ पाठवणं चांगलंच, पण मोठा धक्का पेलायला त्याहून पक्की गाठ लागते, आणि ती संस्थेतून येते, असं त्यांचं म्हणणं. भिवंडीच्या कमिट्यांना त्यांनी याच विवेचनात जागा दिली आहे.

आता आपल्याकडच्या रूढ ‘शांतता समिती’कडे वळू. गणपती, ईद किंवा रामनवमी जवळ आली की पोलिस ठाण्याच्या आवारात मंडप पडतो. पहिल्या रांगेत सोफा, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन मौलाना, दोन महाराज, आजी-माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष आणि वर्षानुवर्षं तेच ते ‘प्रतिष्ठित नागरिक’. साहेबांचं स्वागत, गुलाबपुष्प, डीजेच्या आवाजाबद्दल सूचना, ‘आपल्या गावाला सलोख्याची परंपरा आहे’ हे वाक्य, चहा-बिस्किटं, फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘सण शांततेत साजरे करा’ असा मथळा. यातल्या कुणालाच कुणाच्या मोरीचं पाणी कुठे साठतं ते ठाऊक नसतं. वेळ आली तर जमाव यांच्यापैकी कुणाचंही ऐकणार नाही, हे साहेबांना कळतं आणि समितीलाही. तरी दरवर्षी मंडप पडतो, कारण कागदोपत्री बैठक झाल्याची नोंद लागते.

मुंबईने मात्र दंगलीनंतर थोडा धडा घेतला. पोलिस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी भिवंडीच्या धर्तीवर मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने अमन कमिटीचं काम वर्षानुवर्षं रेटलं. वकार खान कपड्यांच्या धंद्यातले, भाऊ शाळेतल्या नोकरीतले. दोघांनी पोस्टर काढलं, छोटी फिल्म केली, गणपतीच्या मांडवात आणि ताजियाच्या वेळी हजर राहिले. त्यांच्या मैत्रीवर अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ हा माहितीपट केला.

कौतुक इथे थांबवतो, कारण कमिट्यांना न पेलणाऱ्या गोष्टीही भिवंडीनेच दाखवल्या. ५ जुलै २००६ ला कोटरगेट भागात पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून उद्रेक झाला. ती जागा कब्रस्तानाची असल्याचा स्थानिकांचा दावा होता. पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले, आणि पाठोपाठ जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. बैठकीत मध्यस्थ म्हणून बसणारा पोलिसच या वेळी एक पक्ष झाला होता. ज्या प्रयोगाचा कणा पोलिस, तो कणाच वादात सापडला तर प्रयोग उभा कसा राहणार? शिवाय सगळं एका अधिकाऱ्याच्या कळकळीवर चाललं की त्याची बदली ही त्या कामाची परीक्षा ठरते. खोपड्यांच्या पद्धतीला राज्यभर कायमचं रूप द्यावं असं कुठल्याच सरकारला वाटलं नाही, पक्ष कुठलाही असो. याचा मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही.

दुसरी मर्यादा न्यायाची. १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने तपासातल्या पोलिसी पक्षपातावर कडक ताशेरे ओढले होते. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईबद्दल तेच केलं. दोन्ही अहवालांची धूळ झटकायला कुणी तयार नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला आणि ज्याला कोर्टात काहीच मिळालं नाही, त्याला ‘या, गटारीबद्दल बोलू’ म्हणणं फार दिवस शोभत नाही. आणि तिसरी गोष्ट अधिक चिवट आहे : १९९३ नंतर मुंबईतली मिश्र वस्ती पातळ होत गेली. ठाण्याजवळचं मुंब्रा मुंबईतून निघालेल्या मुसलमान कुटुंबांनी फुगलं. सोसायट्यांमध्ये आडनाव विचारून ‘जागा गेली’ असं सांगण्याची रीत पडली. गल्लीत दोन समाजच उरले नाहीत तर सारख्या संख्येची कमिटी कुठून आणायची?

बेलफास्टमध्ये याचं टोक दिसतं. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत ३,५०० हून अधिक माणसं मेल्यावर १० एप्रिल १९९८ ला करार झाला आणि सार्वमतात ७१ टक्के लोकांनी त्याला कौल दिला. सत्ता कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांनी वाटून घ्यायची, एका बाजूचा नेता हटला की दुसऱ्याचंही पद जाणार, असा चोख बंदोबस्त केला. पोलिस दलाचं नाव बदललं, आणि २००१ पासून दहा वर्षं भरती निम्मी कॅथलिक आणि निम्मी इतर अशी केली. त्यामुळे दलातले कॅथलिक ८ टक्क्यांवरून तीसच्या आसपास गेले. बंदुका थंडावल्या हे खरंच मोठं यश. पण १९६९ मध्ये तात्पुरत्या म्हणून उभारलेल्या भिंती मोहल्ल्यांच्या मधे अजून उभ्या आहेत, काहींचे दरवाजे रात्री बंद होतात, आणि बहुतेक मुलं आजही आपापल्या पंथाच्या शाळेत जातात. विधिमंडळ २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ ठप्प होतं. आपल्याकडे खालची वीण विणली गेली आणि वरून कुणी गाठ मारली नाही. त्यांच्याकडे वरची गाठ पक्की, खाली धागे सुटेच. तरी पोलिस भरतीचा त्यांचा निर्णय आपण जरूर उचलावा. महाराष्ट्राच्या पोलिस दलातलं मुस्लिमांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या साडेअकरा टक्क्यांच्या बरंच खाली आहे, आणि बैठकीत बसणाऱ्या हवालदाराकडे लोक कुठल्या नजरेने बघतात ते त्यावरही अवलंबून असतं.

मला विचाराल तर मोहल्ला कमिट्या कायद्यात आणाव्यात, बीट हवालदाराला एका भागात किमान काही वर्षं ठेवावं आणि त्याच्या गोपनीय अहवालात किती गुन्हे उघडकीला आणले याच्याबरोबर किती भांडणं ठाण्यापर्यंत येऊच दिली नाहीत, हेही मोजावं. सरकार हे आपणहून करणार नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या भागातल्या पोलिस ठाण्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शांतता समितीच्या सभासदांची यादी, गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तं मागा. यादीतलं कोण तुमच्या गल्लीत राहतं ते बघा, आणि सणासुदीचे दिवस सोडून किती तारखा उरतात ते मोजा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.